जिन्यामागची खोली

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हाच सांगून टाकलं की गॅदरिंग, सहली आणि गुरुजनांचं ऋण यांवर बाकीचे लिहितीलच, मी जिन्यामागच्या खोलीवर लिहीन. पलीकडून विचारणा झाली, "कुठली खोली? ते स्टोअर?" म्हणजे आता ते पुन्हा स्टोअर झालंय तर.

जून १९८७ मध्ये मी आपल्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. दहावीपर्यंत सगळं मराठीतून आणि एकदम फिजिक्स, केमिस्ट्री इंग्रजीतून. पहिले काही आठवडे सर काय बोलतायत ते वहीत उतरवून घ्यायचं आणि घरी जाऊन त्याचा अर्थ लावायचा, असा प्रकार होता. पण घरी जाऊन म्हणजे कुठे? आमचा वाडा जुन्या नाशकातला. दोन खोल्या, आजी धरून सात माणसं, आणि वाड्यातला एकुलता एक टीव्ही आमच्याकडे. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की अख्खा वाडा आमच्या बाहेरच्या खोलीत. आजी तर टीव्हीला हळदकुंकू वाहायची. त्या गर्दीत माझं केमिस्ट्रीचं पुस्तक कोणाच्या मांडीखाली गेलंय ते शोधण्यातच सकाळ जायची.

बरोबरच्या मुलांचीही घरं तशीच होती. पण मुलांना सगळं गाव म्हणजे अभ्यासिका. कोणी घाटाच्या पायऱ्यांवर बसायचा, कोणी देवळाच्या ओसरीत, कोणी गोल्फ क्लबच्या मैदानावर, आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली तर कोणीही. आम्हा मुलींना यातलं काहीच नव्हतं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, घरापासून चालत जाण्यासारखं, पण दिवेलागणीनंतर मुलगी तिथून एकटी परत येणार म्हटल्यावर वडिलांचा चेहरा बघायला नको.

त्यातून वर्गाची रचना अशी की सकाळचे तास साडेअकराला संपायचे, प्रॅक्टिकल दीडला. बॅच ए प्रयोगशाळेत असली की बॅच बी मोकळी. या मोकळ्या वेळात वर्गात बसता यायचं नाही, कारण दुपारच्या सत्राची पोरं दारात दप्तरं घेऊन उभी. व्हरांड्यात थांबलं की, "ए मुलींनो, काय घोळका करून उभ्या आहात?" घरी जाऊन यावं तर पंचवटीतल्या मैत्रिणींना पूल ओलांडून परत यायला वेळच उरायचा नाही. बाराव्या वर्षी शाळेत जे चालतं ते सोळा-सतराव्या वर्षी चालत नाही, हे इमारत बांधणाऱ्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं. आजही फारसं येत नाही असं माझं मत आहे.

कागदोपत्री मुलींसाठी एक खोली होती. जिन्यामागची. पोटात दुखत असेल, अचानक पाळी आली असेल, तर तिथे जाऊन पडायचं, एवढाच तिचा उपयोग. आत एक बाक, पारा उडालेला आरसा, भाता फाटलेली पेटी, स्काउटचे ढोल, गुंडाळून ठेवलेले नकाशे आणि विज्ञान प्रदर्शनात कधीकाळी बक्षीस मिळालेलं धरणाचं मॉडेल. चाळीसचा एक बल्ब. खिडकी बोळात उघडायची आणि बोळात भांडी घडवणाऱ्यांची ठोकठोक दिवसभर चालू. पोट दुखत नसलेल्या मुलीलाही तिथे डोकेदुखी व्हावी अशी ती जागा.

बारावीतल्या दोघीजणी पुढे झाल्या. आम्ही अकरावीच्या त्यांच्या मागे. प्राचार्या बाईंकडे गेलो आणि ही खोली रिकामी करून अभ्यासाला द्या, असं एका दमात सांगून टाकलं. बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "सामान कुठे ठेवू?" आणि "चावी कोणाकडे?" पहिल्याचं उत्तर आम्ही घेऊन गेलो होतो, गच्चीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत. दुसऱ्याचं नव्हतं. ऑफिसात ठेवली तर ऑफिस उघडेपर्यंत खोली बंद, म्हणजे सकाळचा वेळ वाया. शेवटी ठरलं की चावी शिपाई मामांच्या खुंटीवर, आणि जी पहिली येईल तिने वहीत नाव लिहून न्यायची, शेवटी जाईल तिने सही करून लावायची. हरवली तर कुलपाचे पैसे वर्गणी काढून आम्हीच द्यायचे.

ढोल आणि नकाशे आम्हीच वर नेले. पेटी मात्र संगीताच्या बाईंनी हलवू दिली नाही. ती खोलीतच राहिली आणि तिच्यावर आमच्या पिशव्या. वर्गणीतून ट्यूबलाइट आली, चोक जरा घुंघुं करायचा. प्रयोगशाळेतून बाद केलेली दोन टेबलं मिळाली, वर ॲसिडचे पिवळे-काळे डाग आणि मधोमध गॅसची तोटी काढून टाकलेली होती तिथे भोक. या भोकातून पेन्सिली खाली पडायच्या. कोणीतरी त्यात पुठ्ठ्याचं बूच बसवलं, आणि पुढे दुसऱ्या कोणीतरी त्याच बुचावर आवर्तसारणीतली पहिली वीस मूलद्रव्यं इतक्या बारीक अक्षरात लिहून ठेवली की वाचायला खाली वाकावं लागायचं.

सकाळी सातच्या तासाआधी आम्ही सहापासूनच तिथे असायचो. डिसेंबर-जानेवारीत नाशकाची थंडी माहीतच आहे तुम्हाला. शाल गुंडाळून, लॉगटेबलची पानं उलटायला तेवढा एक हात बाहेर काढायचा. सकाळी कोणीच बोलायचं नाही. बोलण्याची वेळ साडेअकरा ते दीड. आणि खरा अभ्यास या दोन तासांत झाला असं मी छातीठोकपणे सांगते. बारावीची एखादी फिजिक्सचा परिच्छेद मोठ्याने वाचायची, मग तोच आम्हाला मराठीतून सांगायची, मग "आता तू सांग" म्हणून आमच्यातल्या एकीला उभं करायची. सरांसमोर "कळलं नाही" म्हणायला जीभ रेटायची नाही, इथे ती लाज नव्हती. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कोणाच्या तरी ताईने दाभणाने शिवून दिल्या होत्या. जर्नलमधल्या आकृत्या एकीच्या सुबक, दुसरीची गणितं पक्की, त्यामुळे देवाणघेवाण चालायची. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या मार्कांवरच इंजिनिअरिंग-मेडिकल ठरायचं, आणि तरी कोणी वही लपवून ठेवल्याचं मला आठवत नाही. एकच भांडण आठवतं, कोंडाजी चिवड्यावरून. चुरा टेबलाच्या भोकात गेला, मुंग्या जर्नलांपर्यंत पोचल्या, आणि त्यानंतर खाणं दाराबाहेर असा नियम झाला.

पावसाळ्यात आमचा एक कान बाहेर असायचा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मामा दारातून ओरडायचे, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं गं!" दुतोंड्या म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मारुतीची मूर्ती, पुराचं पाणी तिच्यावरूनच मोजायचं. तेवढ्यावर नदीपलीकडच्या पंचवटीतल्या मुली वह्या आवरून उठायच्या. किती क्युसेक सोडलंय ते आम्हाला कधी कळलं नाही, कळायची गरजही पडली नाही.

एक दिवस प्राचार्या बाई आल्या. दार लोटलेलं होतं, ढकललं असतं तर उघडलं असतं. त्यांनी टकटक केली आणि "येऊ का?" म्हणाल्या. आम्ही सगळ्या गडबडून उभ्या राहिलो. त्यांनी वही मागितली, सह्या पाहिल्या, ट्यूबच्या चोकचा आवाज ऐकून "बदलून घ्या, पैसे माझ्याकडून" म्हणाल्या आणि गेल्या. आमच्या वाड्यात दार वाजवून आत येण्याची पद्धतच नव्हती, आणि वर्गात तर शिक्षक आले की आपण उठायचं. परवानगी कोणी आपल्याला विचारू शकतं, हे मला सतराव्या वर्षी समजलं.

मुलांनी तक्रार केली, रीतसर अर्ज देऊन, की मुलींना खोली आणि आम्हाला कट्टा. रास्तच होती. त्यांना व्हरांड्याचं टोक बाक टाकून मिळालं. तिथे अभ्यास किती झाला ते त्यांनीच लिहावं. निकाल आमचा बरा लागला; कोण कुठे पोचलं याची यादी शेवटच्या पानांवर येणार आहेच.

माझी भाची यंदा मेडिकलची 'नीट' परीक्षा देतेय. कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून बसते. एसी, वायफाय, प्रत्येकाला तीन बाजूंनी बंद कप्पा, वर कॅमेरा. शेजारच्या कप्प्यातल्या मुलीचं नाव तिला ठाऊक नाही. अडलं तर हेडफोन लावून मोबाइलवर व्हिडिओ बघते. मी नाकं मुरडत नाही. लहान घरातल्या पोरांना शांत कोपरा हवाच, आणि तो आम्हालाही हवा होता. पण निव्वळ शांततेवर आमचं भागलं नसतं. कोणीतरी "आता तू सांग" म्हणणारं लागायचं.

अमृतमहोत्सवानिमित्त होणाऱ्या नव्या इमारतीचा आराखडा समितीने दाखवला. 'अद्ययावत अभ्यासिका' दुसऱ्या मजल्यावर आहे, कप्प्यांची. मी लेखी कळवलंय ते इथेही लिहिते: अभ्यासिका तळमजल्यावर आणा, रस्त्याकडून वेगळं दार आणि स्वच्छतागृह द्या, म्हणजे शाळा सुटल्यावरही ती उघडी राहील आणि मुली अंधार पडेपर्यंत किंवा घरचं कोणी न्यायला येईपर्यंत बसू शकतील. कप्पे ठेवा, पण त्याला लागून बोलता येईल अशी दुसरी खोली हवी, मधे भिंत घालून. चावी अकरावी-बारावीकडे. दुसऱ्या खोलीतलं मोठं टेबल आमची बॅच देणार आहे. सागवानी घ्यायचं की सनमायकाचं यावर आमच्या ग्रुपवर वाद पेटलाय. सागवानी दिसायला देखणं, हे मान्य. पण त्यावर पोरं डबे ठेवणार, शाई सांडणार, कंपासने नावं कोरणार, तेव्हा माझं मत सनमायकाला.