आपल्याच माणसाला मारलं, तरी पेनल्टी

लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, कोचचं ऐकत नाहीये, हे मला पूर्वार्धातच कळलं होतं. रेफरीला संघाचे डावपेच कुणी सांगत नाही, पण पळता पळता कानावर सगळं पडतं. सुरुवातीलाच मिळालेला एक गोल सांभाळायचा, चारही बॅकनी जागा सोडायची नाही, एवढाच त्यांचा बेत. आणि हा तीन नंबर बॉल मिळाला की सुटलाच! खेळत होता मात्र सुंदर. पण तो वर गेला की त्याची जागा मोकळी, आणि ती झाकायला पाच नंबरच्या स्टॉपरला मधली जागा सोडून बाहेर धावावं लागे. "मागं ये रे!" हे त्याचं ओरडणं उत्तरार्धात शिव्यांवर आलं.

खेळ थांबलेला असताना मी दोघांना जवळ बोलावलं. तीन नंबर म्हणाला, "सर, मी खेळतोय, हा नुसता ओरडतोय." फुटबॉल म्हणून विचाराल तर माझ्या मते स्टॉपरचंच बरोबर होतं. पण कोचचा शब्द मोडणं हा काही नियमपुस्तकातला गुन्हा नाही. त्यासाठी कुठल्याही रंगाचं कार्ड नसतं.

मग बरोबरी झाली, त्याच मोकळ्या जागेतून. थोड्या वेळानं तीन नंबर पुन्हा वर गेला, बॉल गमावला, उलटा हल्ला आला. कीपरनं कसाबसा वाचवला आणि लांब किक मारली. मी बॉलमागे मध्यरेषेकडे धावत होतो, तेवढ्यात हेडसेटवर असिस्टंटचा आवाज आला, "पाचनं तीनला मारलं. मूठ, तोंडावर. पेनल्टी एरियात."

शिट्टी दिली. पाच नंबरला रेड कार्ड, आणि पेनल्टी स्पॉटकडे बोट.

दोन क्षण कुणाला काही उमगेना. "सर, तो आमचाच आहे!" कॅप्टन ओरडत आला. समोरचा स्ट्रायकरसुद्धा विचारतो, "पेनल्टी आम्हाला? कशाबद्दल?" फुटबॉलचा बारावा नियम यात आपला-परका बघत नाही. हिंसक वर्तन सहकाऱ्याशी केलं तरी खेळाडू बाहेर जातो. बॉल खेळात असताना मैदानावर सहकाऱ्याला मारलं तर डायरेक्ट फ्री किक, आणि स्वतःच्या पेनल्टी एरियात, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या चौकोनात, मारलं तर पेनल्टी. बॉल कुठे होता याला महत्त्व नाही, मार कुठे बसला याला आहे. तीच किक आधी टचलाइनबाहेर गेली असती तर रेड कार्ड तेवढंच, पण खेळ साध्या थ्रो-इननं सुरू झाला असता.

बाकावरून मागणी आली की दोघांनाही काढा. २००५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबच्या ली बोयर आणि किरन डायर यांना तसं काढलं होतं. अॅस्टन व्हिलाविरुद्ध ते एकमेकांनाच भिडले, एक जण आधीच बाहेर गेलेला, म्हणजे संघ आठांवर आला. पण तिथे दोघांचेही हात चालले होते. माझ्या तीन नंबरनं हात उचललाच नव्हता, असिस्टंटला मी दोनदा विचारून घेतलं. मात्र त्याच्या ओठातून रक्त येत होतं, आणि रक्त थांबेपर्यंत खेळाडूला मैदानावर ठेवता येत नाही. त्यामुळे पेनल्टीच्या वेळी त्यांचे नऊच जण आत होते. गोल झाला. सामना तिथेच फिरला.

रिपोर्ट लिहायला बसलो तेव्हा कोच दारात उभे. रेड कार्डच्या रिपोर्टात विशेषणं चालत नाहीत. मिनिट, नंबर, कोणता हात, कुठे लागला, बॉल कुठे होता, एवढंच.

"त्याला वर जाऊ नकोस म्हणून मी चारचौघांत सांगितलं होतं," कोच म्हणाले. "तेही लिहा की. माझा स्टॉपर काय वेडा म्हणून मारेल?"

"ते यात येत नाही."

"मग ते कुणी बघायचं?"

"तुम्ही," मी म्हणालो, आणि 'उजवी मूठ'पुढचं वाक्य पुरं करायला घेतलं.