सवलतीचे डाव: वजीर सुटला, हत्ती चालू, घोडा बाकी

लीला, म्हणजे बुद्धिबळ खेळणारं इंजिन (प्रोग्रॅम), सवलत म्हणून स्वतःचं एक मोहरं काढून खेळते. वजीर काढून बसलेल्या लीलाला आता बऱ्यापैकी आवरतो. हत्तीच्या सवलतीत अधूनमधून बरोबरी आणि क्वचित विजय. घोड्याच्या सवलतीत मात्र धुलाई चालूच. (लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर माझं रॅपिड रेटिंग १९००च्या आसपास, म्हणजे अंदाज येईल.) सगळ्यात जास्त फरक पडला तो ब्लिट्झ (झटपट डाव) सोडून चालीमागे जादा सेकंद मिळणारे डाव घेतल्याने.

साधं इंजिन घोडा कमी असला की समोरचा अचूकच खेळणार असं धरून चालतं, त्यामुळे निमूटपणे मारामारी करत हरायला बसतं. लीलाचे हे बॉट समोर माणूस आहे, तो कुठेतरी घसरणार, या हिशेबाने खेळतात. मोहरे मारू देत नाहीत, पट गच्च ठेवतात. परवा हत्तीच्या डावात मी काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आणि लगेच तिचं एच-प्यादं (राजाकडच्या कडेच्या उभ्या पट्टीतलं) धावत एच५ घरावर. तिथे जी६ करण्याचा मोह फार होतो, पण त्याने एच-फाईल (ती उभी पट्टी) आपणच उघडून देतो. मी एच६ करून दार लावलं, जी४ येण्याआधी सी५ने मध्यभाग फोडला आणि वजिरावजिरी केली. पुढचं एंडगेम कंटाळवाणं होतं. असं कंटाळवाणं मला रोज चालेल.

हे सगळं लिहायचं निमित्त वेगळंच. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीत बुद्धिबळाची स्विस स्पर्धा (दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या) असते. यंदा खेळाडू विषम, म्हणजे प्रत्येक फेरीत एकाला बाय (जोडीदार नाही, न खेळता गुण). खजिनदार काका म्हणाले, "अरे, तिथे लॅपटॉपच बसव की!" मी साफ नाही म्हणालो. बायवाल्याला मिळणारा फुकटचा गुण काढून त्याच्या हातात हमखास भोपळा द्यायचा, तोही फक्त जोडी तशी लागली म्हणून?

१९८८ साली लाँग बीचला डीप थॉट या संगणकाने ग्रँडमास्टर बेंट लार्सनला हरवलं आणि ग्रँडमास्टर टोनी माइल्ससोबत पहिला क्रमांक वाटून घेतला, तेव्हा मशीनला स्पर्धेत बसवण्यात अर्थ होता. कोण जिंकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. २००० साली रॉटरडॅमला फ्रिट्झ या प्रोग्रॅमला थेट डच राष्ट्रीय स्पर्धेतच घेतलं, तर खेळाडूंनी निषेध केला. मला तो पटतो. राष्ट्रीय विजेतेपद ही प्रयोगशाळा नव्हे. २००५ मध्ये हायड्रा या संगणकाने ग्रँडमास्टर मायकेल अ‍ॅडम्सला ५.५–०.५ असं लोळवलं, तेव्हाच बिनसवलतीच्या लढतीतली गंमत संपली होती.

सवलत दिली की ती गंमत परत येते. २०१६ मध्ये ग्रँडमास्टर नाकामुरा कोमोडो या इंजिनशी असाच सवलतीत खेळला: तीन डाव बरोबरीत, चौथा कोमोडोचा. म्हणून काकांना सुचवलंय, बायवाल्याने आपला गुण घ्यावा आणि वेळ घालवायला शेजारच्या टेबलावर घोडा काढलेल्या इंजिनशी खेळावं, गुणांशी संबंध न ठेवता. काका "बघू" म्हणालेत. पुण्यातलं "बघू" कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता मुक्काम घोड्यावर. बी१चा घोडा नसला की पांढऱ्याचा लांब किल्लेकोट एक चाल आधी होतो, मग हल्लाही लवकर येतो. जी१चा काढलेला असताना कुणी काळ्याने फ्रेंच बचाव (एक सुरुवात) खेळून पाहिलंय का? डाव असतील तर टाका.