जपानी घ्यायची तर मेजर की मायनर?

पुढच्या सेमिस्टरचे विषय लवकरच नक्की करायचेत आणि माझ्या डोक्यात सध्या एकच चालू आहे, जपानी पुढे न्यायची की नाही, आणि न्यायची तर मेजर म्हणून की मायनर म्हणून. पहिल्या वर्षी इलेक्टिव्ह म्हणून घेतली होती, आवडली, खूपच आवडली, पण आवडणं आणि त्यात डिग्री करणं यात फरक आहे ना, म्हणून जे काय मनात आहे ते सगळं इथे लिहून काढतेय. कोणी याच विचारात असेल तर उपयोग होईल.

आधी अवघड किती आहे ते. नेटवर सगळीकडे एक आकडा फिरतो, २२०० तास. हा अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा, जिथे त्यांच्या डिप्लोमॅट लोकांना भाषा शिकवतात, आणि फ्रेंच-स्पॅनिशच्या जवळजवळ तिप्पट वेळ ते जपानीला धरतात. आकडा वाचून खूप जण तिथेच नाद सोडतात. पण तो आकडा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी काढलेला आहे हो! आपल्याला वाक्यरचना जवळजवळ फुकटात मिळते. "मी उद्या मैत्रिणीबरोबर लायब्ररीत जपानी शिकणार" हे जपानीत "वाताशी वा आशिता तोमोदाची तो तोशोकान दे निहोंगो ओ बेंक्यो शिमासु" असं होतं, एकेक तुकडा त्याच क्रमाने, 'बरोबर' नावाच्या मागे, 'त' नावाच्या मागे, क्रियापद शेवटी. वर लिंग नाही, आणि मी-तू-ते प्रमाणे क्रियापद बदलत नाही. क्लासमध्ये इतर भाषांतून आलेली मुलं "दे" आणि "नि" (आपल्या 'त', 'ला' सारखे प्रत्यय) कुठे लावायचं यावर डोकं धरून बसायची तेव्हा मला निदान शब्दांचा क्रम तरी वेगळा शिकावा लागला नाही.

आणि अक्षरं! जपानीत उच्चार लिहायच्या दोन लिप्या, हिरागानाची ४६ अक्षरं आणि काताकानाची ४६, आणि त्यांचा क्रम आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा. ओळखीचा वाटतोय ना? बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, त्या अभ्यासातून वर्णमालेचा हा क्रम तिकडे रुजला. 'हा'चा उच्चार जुन्या काळी 'पा' होता हे कळलं की ता-ना नंतर मा च्या आधी 'हा' काय करतोय तेही सुटतं. हे वाचलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला की घरी सगळ्यांना पकडून सांगितलं.

पण मग येते कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अर्थ दाखवणारी चिन्हं, आणि खरा निर्णय इथेच होतो असं माझं ठाम मत आहे. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २१३६ कांजी आहेत. कागदावर हिशोब सोपा दिसतो, रोज ५ नव्या केल्या की वर्षात १८०० च्या वर झाल्या. प्रत्यक्षात नव्या ५ पेक्षा जुन्यांची उजळणीच जास्त वेळ खाते, आणि बऱ्याचशा कांजींना चिनीतून आलेला एक उच्चार आणि जपानी मूळचा वेगळा, कुठला कधी लागतो ते शब्दागणिक लक्षात ठेवायचं. आमच्या बॅचमध्ये अ‍ॅनिमे बघून आलेले खूप जण होते (आणि ते कारण अगदी चांगलंच आहे, कोण काही म्हणो), त्यातले जे टिकले ते हुशारीमुळे नाही, तर ज्यांना रोज थोडी उजळणी करायचा कंटाळा येत नव्हता ते टिकले. म्हणून कोणी विचारलं घेऊ का, तर मी सांगते की आधी शंभर कांजी लिहायला-वाचायला शिक आणि मग ठरव, त्याआधी जे ठरवशील ते फक्त जपानबद्दलच्या ओढीतून ठरवलेलं असेल.

आता नोकरीचं. सगळे जेएलपीटीबद्दल, म्हणजे जपानी किती येते ते तपासणाऱ्या परीक्षेबद्दल बोलतात, सगळ्यात सोप्या एन-५ पासून सगळ्यात अवघड एन-१ पर्यंत पाच लेव्हल, आणि बऱ्याच कंपन्या निदान एन-२ मागतात. एन-२ ला १८० पैकी ९० लागतात, शिवाय तिन्ही भागांत प्रत्येकी ६० पैकी १९ तरी हवेतच, म्हणजे नुसत्या वाचनाच्या जोरावर निघत नाही. २०१० च्या आधी चारच लेव्हल होत्या, मधलं अंतर फार मोठं पडायचं म्हणून एन-३ नवीन घातली, आणि तो मधला टप्पा अजूनही सगळ्यात लांब वाटतो असं सीनियर सांगतात. पण या परीक्षेत बोलणं नाही, हाताने लिहिणं नाही, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. त्यामुळे सर्टिफिकेट हातात असूनही ऑफिसातला फोन घेता येईलच असं नाही, कारण तिथे केइगो, म्हणजे आदराने बोलायची भाषा लागते, जिथे साधं 'जाणे' पण समोरच्याचं असेल तर 'इराश्शारु' आणि स्वतःचं असेल तर 'माइरु' होतं. युनिव्हर्सिटीतल्या क्लासचा फायदा मला इथे वाटतो, समोर बसून कोणीतरी चुका सुधारतं, जे अ‍ॅपवर होत नाही. आता मशीन ट्रान्सलेशन आहेच मग शिकायचं कशाला असंही विचारतात, पण समोरच्या माणसाशी ओळख वाढवायची असेल तर मध्ये फोन धरून ती वाढत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मेजरच्या बाजूने एक खरंच मोठी गोष्ट आहे. जपान सरकारच्या मेक्स्ट (तिथलं शिक्षण मंत्रालय) स्कॉलरशिपमध्ये जपानी अभ्यासाचा एक प्रकार आहे, पदवीच्या विद्यार्थ्यांना साधारण वर्षभर तिकडच्या युनिव्हर्सिटीत पाठवतात, आणि तो जपानी भाषा किंवा संस्कृती हाच मेन विषय असणाऱ्यांसाठी आहे. मायनर केलं तर हा रस्ता मला बंद. यावरच मी सगळ्यात जास्त अडकले होते, दोनदा तर मेजर करायचं असं जवळजवळ ठरवलं पण होतं.

मग ओळखीतल्या एका ताईशी बोलले, ती मशीनच्या मॅन्युअलचं भाषांतर करते. ती म्हणाली भाषा येत होती ग, मशीनच कळत नव्हतं, पहिले काही महिने सगळा वेळ ते मशीन काय करतं हे समजून घेण्यात गेला. ते माझ्या डोक्यात बसलं. साहित्य, संशोधन किंवा शिकवणं हेच करायचं असेल त्याने बिनधास्त मेजर करावं, तिथे भाषा हाच विषय आहे. मला मात्र स्टॅटिस्टिक्स पण तेवढंच आवडतं, आणि जपानीत बोलायला माझ्याकडे स्वतःचं काहीतरी असावं असं मला मनापासून वाटतं.

तर स्टॅटिस्टिक्स मेजर, जपानी मायनर. वर्षाची स्कॉलरशिप जाईल, पण मास्टर्ससाठी त्याच मेक्स्टचा रिसर्चवाला प्रकार आहे, तो कुठल्याही विषयासाठी असतो, त्याचा विचार तेव्हा करेन. जुलैला एन-४ द्यायचीये आणि तोपर्यंत लिसनिंग वाढवायचंय, कारण वाचताना कळलेलं वाक्य ऐकताना अजून निसटतं.