लाल-हिरव्या जिलेटिनमधून ब्रायटन

आई सांगलीहून आली आणि पहिल्याच रविवारी पाऊस लागला. इंग्लंडात ब्रायटनला लागून असलेल्या आमच्या होवमध्ये पावसात पाहुण्यांना न्यायचं तर म्युझियममध्येच. तिथे जुन्या सिनेमाचं एक दालन आहे, कारण सिनेमाच्या बाल्यावस्थेतल्या बऱ्याच उचापती याच गावात झाल्या. जॉर्ज अल्बर्ट स्मिथ हा त्यातला एक. आधी स्टेजवर संमोहनाचे प्रयोग करायचा, मग इथली सेंट अ‍ॅन्स वेल नावाची बाग चालवायला घेतली आणि तिथेच फिल्म बनवू लागला. १९०८ साली त्याने ब्रायटनच्या किनाऱ्यावरच्या माणसांची आठेक मिनिटांची रंगीत फिल्म काढली. रंग ब्रशने भरलेले नव्हते, खरोखर कॅमेऱ्यातून आलेले. या पद्धतीचं नाव किनेमाकलर.

"पण फिल्म काळी-पांढरीच होती म्हणतेस ना? मग रंग आला कुठून?" आईने विचारलं. मला धड सांगता येईना. मी इंजिनिअर, त्यामुळे हे फारच लागलं.

घरी येऊन वाचून काढलं. कॅमेऱ्यात फिल्मसमोर एक चकती फिरते, तिला एक तांबडी काच आणि एक हिरवी. एक फ्रेम तांबड्यातून, पुढची हिरव्यातून, सेकंदाला बत्तीस. म्हणजे तेव्हाच्या नेहमीच्या मूकपटाच्या दुप्पट फिल्म खर्च. दाखवताना प्रोजेक्टरपुढे तशीच चकती फिरवायची. रंग फिल्मवर नसतोच, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात जमून येतो. शिवाय तेव्हाच्या साध्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तिला आधी रसायनात बुडवून त्यासाठी तयार करावं लागे.

"अगं, म्हणजे भिरभिरंच की," आई म्हणाली. झालं. आपणही करून बघायचं ठरलं.

शाळेच्या गॅदरिंगला दिव्यांवर लावायचो तो जिलेटिन पेपर ऑनलाइन मिळाला. पुठ्ठ्याची चकती कापली, दोन खिडक्या केल्या, एकीवर लाल, दुसरीवर हिरवा, आणि लेकाच्या मोडक्या गाडीतली मोटर लावली. फोन सेकंदाला तीस फ्रेम घेतो, म्हणजे चकती सेकंदाला बरोबर पंधरा वेळा फिरायला हवी. मिनिटाला नऊशे फेरे. फिरायला ती छान फिरली, पण फोनचं आणि तिचं जमेना. अर्धी फ्रेम लाल, अर्धी हिरवी, मध्ये पुठ्ठ्याची सावली. चकती शटरच्या चाकांनाच जोडल्याशिवाय हे व्हायचं नाही, हे कळायला माझे दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी सेलोटेप सुटला आणि चकती उडून वरणाच्या पातेल्यात पडली. मोटरचा विषय तिथे संपला.

मग साधा मार्ग धरला. पुठ्ठ्याची लांब पट्टी, तिला दोन खिडक्या. लेक ती फोनसमोर सरकवणार आणि "लाल", "हिरवा" ओरडणार, मी इयरफोनच्या बटणाने फोटो काढणार. फोन स्टँडवर घट्ट, फोटो काळे-पांढरे. ब्रायटनच्या पॅलेस पिअरजवळ, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याजवळ, गोट्यांवर बसलो. वाळू नाहीच तिथे, नुसते गोटे. आई पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्चीत, जांभळी पैठणी नेसून, शेजारी लेकाची लाल बादली.

पहिले साठ फोटो वाया गेले. फोन शहाणपणा करतो. लाल जिलेटिन आलं की उजेड वाढवतो, हिरवं आलं की बदलतो, सगळं सारखंच करड्या रंगाचं करून ठेवतो. एक्स्पोजर लॉक केल्यावर, म्हणजे उजेडाचं माप एकाच जागी पक्कं केल्यावर मात्र पहिल्यांदा गंमत दिसली. लाल खिडकीतल्या फोटोत बादली पांढरीफटक, हिरवीतल्या फोटोत तीच बादली कोळशासारखी. बाकी गोटे दोन्हीकडे जवळपास तेच. म्हणजे रंग तिथे होता, नुसता दोन फोटोंच्या फरकात लपलेला. मी तो स्क्रीन सावलीत धरून कितीतरी वेळ पुढे-मागे करत बसले.

आठ मिनिटांत चारशे ऐंशी फोटो निघाले, म्हणजे दोनशे चाळीस जोड्या. सेकंदाला बारा जोड्यांनी वीस सेकंदांची फिल्म. आठ मिनिटं बसून वीस सेकंद.

रात्री आधी स्मिथच्या रीतीने चालवून बघितलं. एक फोटो लाल छटेत, पुढचा हिरव्या, भराभर. लेक म्हणाला, "दिवाळीची माळ!" माझं डोकं दुखायला लागलं. संगणकातलं रंगीत चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचं असतं, त्यांना चॅनल म्हणतात. मग जोडीतला लाल फोटो लाल चॅनलला आणि हिरवा फोटो उरलेल्या दोन चॅनलना देऊन प्रत्येक जोडीचं एकच चित्र केलं.

आणि ब्रायटन रंगीत झालं. पिअर, गोटे, खुर्ची, आईचा चेहरा, सगळं ऊबदार. त्वचेचा रंग तर फोनच्या नेहमीच्या फोटोंपेक्षा मला जास्त आवडला. पण जे हललं त्याचा रंग फाटला. पळणाऱ्या पोराचं एक लाल भूत आणि काही पावलं पुढे एक हिरवं भूत. लाटांच्या फेसाला लाल-हिरवी झालर. सीगल तर दोन-दोन. स्मिथच्या सेकंदाला बत्तीस फ्रेममध्येही ही झालर यायची, आमच्या संथ कारभारात ती कितीतरी पट.

"ही माझी पैठणी नव्हे," आई म्हणाली. खरंच होतं. जांभळ्याचा मळकट तपकिरी झाला होता. दोनच रंग म्हटल्यावर निळ्याला जागा कुठून मिळणार? याच निळ्याने स्मिथला कोर्टातही गाठलं. विल्यम फ्रीज-ग्रीन नावाच्या दुसऱ्या संशोधकाच्या बाजूने स्मिथच्या पेटंटला आव्हान दिलं गेलं आणि १९१४ साली अपिलात ते रद्द झालं. दावा नैसर्गिक रंगांचा, आणि निळा धड येत नाही, हा मुद्दा तिथे नडला. पुढे फ्रीज-ग्रीनचा मुलगा क्लॉड १९२४ ते १९२६ मध्ये मोटारीने लँड्स एंडपासून जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शूटिंग करत गेला. त्याने फ्रेमच आळीपाळीने तांबड्या-हिरव्यात रंगवल्या, म्हणजे प्रोजेक्टरला चकतीची कटकट नको. रंग दोनच, माळेची लुकलुकही होतीच. काही वर्षांपूर्वी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ती फिल्म संगणकावर स्थिर केली. मी पट्टी सरकवत बसण्याआधी ते बघायला हवं होतं, पण मग पैठणीचं कळलं नसतं.

आईला मी सांगितलं, आपल्याकडेही हे भिरभिरं आलं होतं. २ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्ज मुंबईत अपोलो बंदरावर उतरला, ज्याच्या आठवणीसाठी गेटवे बांधलं. त्याचा दिल्ली दरबार किनेमाकलरमध्येच टिपला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या स्काला थिएटरात दाखवला. अडीच तासांचा कार्यक्रम. त्यातला बहुतेक भाग आता हरवला आहे.

"अडीच तास? आणि एवढ्या राजेमहाराजांत कुणीच जांभळं नेसलं नव्हतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी ऊन पडलं. मी स्टँड काढायच्या आत आई दारात तयार उभी होती. हिरवी इरकल, काठ लालभडक. "आता काढ," म्हणाली, "मी हलणार नाही."