वेचणीच्या दिवसांतला गुडघा

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा) झाली, पहिला वेचा सुरू झाला की आठ-दहा दिवसांत गुडघे बोलू लागतात. मग मेडिकलमधून दोन गोळ्या, एक नी-कॅप आणि कुणीतरी एक्स-रे उजेडात धरून सांगितलेलं वाक्य : ‘झीज झाली, आता आराम करा.’ वावरात कापूस फुटून उभा असताना आराम कोण करणार? आणि समजा केलाच, तर काही आठवड्यांत मांडी सुकते आणि गुडघा आधीपेक्षा जास्त कुरकुरतो.

‘झीज’ या शब्दानंच निम्मा घोळ केला आहे. बैलबंडीचा आस फिरेल तितका झिजतो; बंडी उभी ठेवली की झीज थांबते. गुडघ्याचं तसं नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला (गुळगुळीत अस्तराला) रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते, आणि या दाब-सोडीतूनच सांध्यातला द्रव तिच्यात शिरतो. तेच तिचं जेवण. कूर्चेत दुखण्याच्या नसाही नसतात. म्हणून एक्स-रेत भरपूर झीज दिसणारा माणूस बाजाराला पायी जाऊन येतो आणि जेमतेम झीज असलेली बाई ओट्यावरून उतरताना कण्हते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2022 साली सांधेझिजेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत व्यायाम पहिल्या ओळीत आहे, आणि ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या देऊ नका असं स्पष्ट लिहिलं आहे.

पण ‘व्यायाम करा’ एवढं सांगणं म्हणजे ‘औषध घ्या’ सांगण्यासारखं झालं. कोणता, किती, कधी वाढवायचा? दवाखान्यातून दहा चित्रांचा कागद मिळतो आणि तो देवाच्या फोटोमागे जातो. त्यापेक्षा दोन-तीनच प्रकार धरा, पण नीट धरा.

सगळ्यांत कामाचा प्रकार म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, कारण प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते आणि माणूस खाली जातो. बाजेवर हा व्यायाम होत नाही. ती मधे झोळते आणि कंबर गुडघ्याच्या खाली जाते. बैठक साधारण 18 इंच उंच हवी. तेवढ्यावरून हात न टेकता उठता येत नसेल तर गोधडीची घडी घालून तीन-चार इंच उंची वाढवा. बैठकीच्या पुढच्या कडेला या. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. दोन गुडघ्यांत आपली मूठ मावेल इतकं अंतर ठेवा. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका, मग पायानं जमीन ढकलत उठा. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, आणि या वयात बीपीची गोळी बहुतेकांना चालू असते.

आता बसणं. बहुतेक चुका इथेच होतात. उठायला जोर लागतो म्हणून लोक उठण्यावर लक्ष देतात आणि बसताना धपकन अंग टाकतात. मनात एक, दोन, तीन, चार म्हणत खाली या. मांडीला खरं काम या चार आकड्यांत मिळतं. दुसरी चूक लुगड्याआड लपते : गुडघे एकमेकांकडे आत पडतात आणि समोरच्याला दिसतही नाही. सुरुवातीचे काही दिवस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून करा, आत पडलेला गुडघा हाताला लगेच कळतो.

एका वेळी 8, मग दीड-दोन मिनिटं दम, पुन्हा 8. हे आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. शेवटचे दोन जड जायला हवेत. सोळाच्या सोळा सहज होत असतील तर मात्रा कमी पडते आहे. 10 करा, 12 करा, मग गोधडी काढा, मग छातीशी 2 किलो तूरडाळीची पिशवी धरा. सुरू करण्याआधी एक माप घ्या : हात छातीवर घडी करून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? 65 ते 69 वयाच्या बाईला 11 पेक्षा कमी आणि पुरुषाला 12 पेक्षा कमी जमत असेल तर पायांत जोर कमी आहे असं धरतात. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहा आणि महिन्यानं पुन्हा मोजा. पहिले दोन आठवडे दुखण्यात काहीच फरक जाणवत नाही आणि नेमके तेव्हाच लोक सोडतात. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. डेन्मार्कमध्ये सांधेझिजेच्या रुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या, 2013 पासून चालणाऱ्या ग्लॅड नावाच्या कार्यक्रमातही आठवड्याला दोन बैठका, सहा आठवडे असाच हिशेब आहे.

उठ-बस अजिबात जमत नसेल, तर जमिनीवर पाय लांब करून गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवा आणि ती गुंडाळी खाली दाबा. मांडीवरचा स्नायू दगडासारखा झाला पाहिजे. 5 सेकंद धरा, सोडा, असं 10 वेळा. आणि भिंतीला हात लावून टाचा उचलणं, तेही 10 वेळा.

व्यायामात गुडघा थोडा दुखणारच. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असं धरलं तर चारपर्यंत चालवून घ्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. झोपेतून उठल्यावर गुडघा कालच्या सकाळसारखाच असेल तर मात्रा बरोबर आहे. सुजला असेल, जास्त आखडला असेल, तर एक तृतीयांश कमी करा. बंद करू नका. बंद केलं की पुन्हा शून्यापासून. या झिजेत सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर सुटत नसेल आणि हाताची बोटंही दोन्हीकडे सुजत असतील, तर तो आमवात (रुमेटॉइड संधिवात) असू शकतो. त्याचं औषध वेगळं, आणि तिथे वेळ दवडून चालत नाही.

वेचणीत दिवसभर उभ्यानं वाकून राहणं आणि निंदणात उकिडवं बसणं, या दोन्हींचा त्रास वेगवेगळा असतो. उकिडवं बसल्यावर गुडघ्याच्या वाटीवर सर्वांत जास्त दाब येतो. वीतभर उंचीचा पाट सरकवत निंदलं तरी तो बराच उतरतो. वेचताना कमरेची ओटी चार-पाच किलोची झाली की धुऱ्यावर (बांधावर) रिकामी करा. पुढे लोंबणारं ओझं कंबर आणि गुडघा दोघांनाही ओढतं. अर्ध्या तासानं दोन मिनिटं सरळ उभं राहायचं, एवढंच. ज्या दिवशी आठ तास वेचणी, त्या दिवशी उठ-बसची 8 ची एकच फेरी पुरे. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत धोका वेगळा : चिखलात पाय रुतलेला असताना अंग वळवलं की गुडघ्यातली गादी फाटते. आधी पाय उपसा, मग वळा.

काठी घ्यायला लाज वाटते, आणि घेतलीच तर दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. उलट हवी. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय व काठी एकाच वेळी पुढे. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तेवढी तिची उंची. बांबूची चालेल, खाली रबराचं बूट मात्र बसवा. वजन जास्त असेल तर एक हिशेब ध्यानात ठेवा : अंगाचं 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोनं कमी होतो.

नी-कॅपनं ऊब मिळते, धीर येतो. दिवसभर घट्ट घालून पोटरी सुजवू नका. तेलाच्या मालिशीचंही तेच, बरं वाटतं, जोर येत नाही. गोळ्यांबद्दल मात्र मऊ बोलता येत नाही. डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज, वर बीपीची गोळी, वर उन्हात पाणी कमी, हे तिन्ही मिळून मूत्रपिंडाला मारतात. त्याच औषधाचं मलम आधी वापरून पाहा. गुडघा कातडीच्या जवळ असल्यानं मलम तिथे लागू पडतं. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर आनंद मानू नका, आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या.

आता एक गोष्ट जी विदर्भात विसरून चालत नाही. वीस-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, गुडघा दुखतो म्हणते, लंगडते, मांडी घालून बसता येत नाही, जांघेत कळ येते. हा गुडघा नसतो, खुबा असतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं आणि कळ मात्र खाली गुडघ्यात जाणवते. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये दिसतं. अशा मुलाला वर लिहिलेली उठ-बस करायला लावू नका. आधी सिकलसेलची तपासणी आणि हाडांचे डॉक्टर. 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यामुळे तपासणीची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रातच करा.

पडून, मोटारसायकलवरून घसरून दुखलं असेल तर हिशेब वेगळा. वय 55 किंवा त्याहून जास्त असेल, चार पावलं टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, किंवा वाटीवर अथवा गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर यातलं एकही पुरे : आधी एक्स-रे. गुडघा लाल-गरम आणि ताप, किंवा एकच पोटरी सुजून दुखणं, यात तर त्याच दिवशी दवाखाना.

वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात (2010-11) जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथे फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. जाताना एक्स-रे, चालू गोळ्या आणि आपलं काम नेमकं काय ते सांगायची तयारी ठेवा. ‘शेती’ म्हणून भागत नाही. निंदण की वेचणी की डवरणी, किती तास, ते सांगा. दहाच्या दहा दिवस नुसता शेक आणि करंट मिळाला तर विचारा, ‘घरी काय करायचं ते दाखवा.’ चांगला फिजिओ तुमच्याकडून ते करवून घेतो, चूक पकडतो आणि पंधरा दिवसांनी मात्रा वाढवायला बोलावतो.

शेवटचा वेचा झाला, वावर मोकळं झालं की गुडघा शांत होतो आणि खुर्ची कोपऱ्यात जाते. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस केलं तरी कमावलेला जोर टिकतो. मे महिन्यात मात्र सकाळी सातच्या आत उरका, खुर्ची सपरीत (ओसरीत), आधी एक तांब्या पाणी.