दुसरी बॅटरी जोडताना फ्यूज आणि ब्रेकर कसे निवडले: माझा अनुभव

आधी गाडीतली मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कळतील. बीएस-६ डिझेल एसयूव्ही, बॉनेटखाली कंपनीची १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी. डिकीत १०० एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. दोन्हींच्या मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे पुढच्या बॅटरीकडून करंट घेऊन डिकीतली बॅटरी चार्ज करणारा. डिकीतल्या बॅटरीवर ६०० वॉटचा इन्व्हर्टर, फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे आणि मोबाइल चार्जिंग.

फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी आहे असं समजून निवड केली की सगळे आकडे चुकतात. फ्यूज वायरसाठी असतो. म्हणून मी प्रत्येक वायरसाठी दोन आकडे काढले: तिच्यातून सतत जाणारा करंट गुणिले १.२५, आणि ती वायर न तापता सोसेल तो करंट. फ्यूज या दोन आकड्यांच्या मध्ये बसला पाहिजे. मध्ये जागाच उरत नसेल तर वायर जाड घ्यायची, फ्यूज मोठा करायचा नाही.

चार्जरची इनपुट लाइन घ्या. आउटपुट ३० अँपिअर, १४.४ व्होल्टला म्हणजे ४३२ वॉट. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर आत ४८० वॉट जायला हवेत, आणि लांब वायरमुळे इनपुटला १२ व्होल्टच पोहोचले तर करंट होतो ४० अँपिअर. म्हणजे चार्जर ३० चा आहे म्हणून ३० किंवा ४० चा फ्यूज टाकला, तर तो लांब चढावर कधीतरी उडणारच. ४० गुणिले १.२५ म्हणजे ५०. पण बॉनेटखालच्या उष्णतेत फ्यूजची क्षमता खाली येते, म्हणून मी ६० चा घेतला.

वायर १६ स्क्वेअर एमएम, शुद्ध तांब्याची. बॉनेटपासून डिकीपर्यंत ५ मीटर जायचे आणि तेवढेच परतीचे. १० मीटरला प्रतिरोध साधारण १२ मिलिओम, म्हणजे ४० अँपिअरला जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो. १० स्क्वेअर एमएममध्ये हाच आकडा पाऊण व्होल्टवर जातो. बाजारात साउंड सिस्टिमसाठी मिळणाऱ्या स्वस्त वायरीत बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम असते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर ती वायर परत करा. तिची वाहकता तांब्याच्या दोनतृतीयांशाहूनही थोडी कमी असते, त्यामुळे वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

फ्यूजची जागा बॅटरीच्या पोलपासून वीतभर अंतराच्या आत. त्याआधीची वायर उघडीच असते, तिला वाचवणारे काहीच नसते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना भोकाला रबरी ग्रॉमेट (कडी), पुढे पूर्ण लांबीला कंड्युट (संरक्षक नळी). पत्र्याच्या कडेवर वायर घासून शॉर्ट होणे हेच या लाइनचे खरे संकट आहे. परतीची वायर बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर लावू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो, तो चुकीचा हिशेब करू लागतो. ती बॉडी अर्थला द्या.

चार्जरच्या आउटपुटला फ्यूज डिकीतल्या बॅटरीपाशी: ३० गुणिले १.२५ म्हणजे ३७.५, म्हणून ४० चा. इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे फ्यूज लागतो कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. चार्जरऐवजी दोन बॅटरी थेट जोडणारा साधा रिले (विजेने चालणारा स्विच) असेल तर एकाच वायरच्या दोन्ही टोकांना फ्यूज लावा. रिले असताना करंटला लगाम नसतो, रिकामी लिथियम बॅटरी आल्टरनेटरकडून त्याला झेपणार नाही इतके खेचू शकते.

आता डिकीतल्या बॅटरीचा मुख्य फ्यूज. इथे अँपिअरइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे शॉर्ट झाल्यावर फ्यूज किती करंट तोडू शकतो. लिथियम बॅटरी, लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे टोक) आणि वायर मिळून प्रतिरोध ४ मिलिओम धरला, तर १३.३ व्होल्टला ३,३०० अँपिअरच्या आसपास करंट निघतो. ब्लेड फ्यूजची (गाडीतला नेहमीचा दोन पात्यांचा छोटा फ्यूज) तोडण्याची क्षमता साधारण १००० अँपिअर, बोल्टने बसणाऱ्या मिडी फ्यूजची बनावटीप्रमाणे १००० ते २०००. त्यापलीकडे फ्यूज वितळूनही आतली ठिणगी चालूच राहू शकते. एएनएल प्रकारचा फ्यूज ६००० पर्यंत जातो, पोलवर बसणारा टर्मिनल फ्यूज १४ व्होल्टला १०,०००, क्लास टी प्रकारचा २०,०००. मी क्लास टी १२५ अँपिअर लावला. महाग आहे, पण इथे काटकसर करू नये. बीएमएस (लिथियम बॅटरीच्या आतले संरक्षण सर्किट) आहे म्हणून फ्यूज नको, हे मला अजिबात पटत नाही. बीएमएसमधले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा बरेचदा जोडलेल्या अवस्थेतच अडकतात.

इन्व्हर्टर: ६०० भागिले (१२ गुणिले कार्यक्षमता ०.८५) म्हणजे ५९ अँपिअर. त्याला ८० चा फ्यूज, २५ स्क्वेअर एमएम वायर. पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर झटक्यात भरतात आणि लगवर मोठा स्पार्क पडतो. आधी क्षणभर रेझिस्टरमधून जोडले की तो टळतो.

ब्रेकर मी एकाच जागी वापरला, ब्लेड फ्यूज बॉक्सच्या फीडवर, ३० अँपिअरचा. तिथे गाडी उभी करताना सगळे हाताने बंद करता येणे उपयोगाचे आहे. इतरत्र फ्यूजच. स्वस्त रिसेट ब्रेकर आतल्या संपर्कावर तापतात आणि त्या तापाने वेळेआधी पडतात. घरातला एसी एमसीबी गाडीत लावू नका. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमध्ये ती सोय नाही. शिवाय त्याची चुंबकीय ट्रिप डीसीवर सुमारे १.४ पट वर सरकते. सोलरचे डीसी एमसीबी घेतले तर त्यावर प्लस-मायनस छापले आहे का पाहा. तसे असेल तर ते एकाच दिशेच्या करंटसाठी आहेत, आणि दोन बॅटरींमधल्या लाइनवर करंट कुठूनही येऊ शकतो.

बॉक्समधले ब्लेड: फ्रिजला १५ अँपिअर आणि ४ स्क्वेअर एमएम, पंपाला १०, दिव्यांना १.५ स्क्वेअर एमएमवर ५. ब्लेड लगेच उडतो हा गैरसमज आहे. २० चा फ्यूज २७ अँपिअरवर दहा मिनिटेही टिकू शकतो, तेवढा वेळ वायरने तो ताप सोसलाच पाहिजे. पाकिटात पन्नास मिळणारे बिनानावाचे ब्लेड घेऊ नका. त्यांतला एखादा मुद्दाम शॉर्ट करून पाहिला तर बऱ्याचदा आधी प्लॅस्टिक वितळते.

सगळे जोडून झाल्यावर पूर्ण लोड अर्धा तास चालवा आणि प्रत्येक फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या लगवर मल्टिमीटरने मिलिव्होल्ट मोजा. एकाच प्रकारच्या, एकाच करंटच्या दोन फ्यूजांत एक दुप्पट दाखवत असेल तर दोष बहुधा फ्यूजचा नसतो. नट सैल असतो, क्रिम्प (वायरवर लग दाबून केलेला जोड) कच्चा असतो किंवा लग आणि फ्यूजच्या मध्ये स्टीलचा वॉशर घुसलेला असतो. लग थेट फ्यूजच्या पट्टीवर, वॉशर त्याच्या वर, मग नट. खराब रस्त्यावरून पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा आवळून घ्या.