तुम्ही विचारलंत म्हणून: कमी चाललेली इंतेग्राले घेऊ का?

मी इटलीत तोरीनोत (ट्यूरिनमध्ये) राहतो आणि लान्चा या इथल्याच कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या नादी लागलेलो आहे, हे कळलं की युरोपातली आपली मंडळी हमखास एखादी जाहिरात पाठवतात. लान्चा डेल्टा इंतेग्राले, मीटरवर वीस-बावीस हजार किलोमीटर, ‘कायम बंद गॅरेजमध्ये’, आणि किंमत अशी, की तेवढ्यात पुण्यात फ्लॅट यावा. खाली एका ओळीचा प्रश्न: घेऊ का?

मी म्हणतो, आधी बिलांची फाइल मागव. विचारणारा हिरमुसतो. त्याला ‘डोळे मिटून घे’ हे ऐकायचं असतं. पण या गाडीच्या बाबतीत डोळे मिटणं फार महाग पडतं, आणि त्याचं कारण तिच्या जन्मातच आहे.

मूळ डेल्टा १९७९ची. जोर्जेत्तो जुजारोने आखलेली, पाच दारांची, चौकोनी, घरगुती गाडी. (कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट उनो आठवत असेल, तीही त्याच्याच हातची.) सुरुवातीला तिच्यात १.३ आणि १.५ लिटरची साधी इंजिनं होती. शर्यतीचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसावा. पुढे रॅलीत ग्रुप बी या सैल नियमांच्या वर्गातल्या राक्षसी गाड्या आल्या. त्यांतली लान्चाची डेल्टा एस४ नावापुरतीच डेल्टा. इंजिन सीटच्या मागे, आतला सांगाडा पूर्ण वेगळा. मे १९८६मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जो क्रेस्तो त्याच एस४मध्ये अपघातात मरण पावले आणि वर्षाअखेरीस ग्रुप बी बंद झाला. १९८७पासून ग्रुप ए. नियम असा, की बारा महिन्यांत किमान ५,००० गाड्या बनवायच्या आणि रॅलीची गाडी त्यातूनच घडवायची.

बाकीच्यांची धांदल उडाली. लान्चाकडे मात्र डेल्टा एचएफ फोर-व्हील-ड्राइव्ह तयार होती: दोन लिटर, टर्बो, १६५ अश्वशक्ती. तिचीच पुढे इंतेग्राले झाली. आठ व्हॉल्व्हची १८५, मग सोळा व्हॉल्व्हची २००, १९९१च्या एव्होलुत्सिओने आवृत्तीला २१०, आणि १९९३च्या दुसऱ्या एव्होलुत्सिओनेला २१५. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं उत्पादकांचं जागतिक विजेतेपद लान्चाने सोडलं नाही. शेवटच्या वर्षी तर कंपनीने अधिकृत माघार घेतली होती आणि गाड्या जॉली क्लब चालवत होता, तरीही. मिकी बियासिओन १९८८ आणि १९८९ला जगज्जेता झाला, युहा कांक्कुनेन १९८७ आणि १९९१ला.

तिच्या अंगावरचा एकेक फुगवटा मला आवडतो, कारण त्यातला एकही नटवण्यासाठी नाही. चाकांवरच्या कमानी फुगल्या, कारण रॅलीला रुंद टायर हवे होते. बॉनेटला उंचवटा आला, कारण सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाचं डोकं उंच होतं. त्यावरच्या जाळ्या उष्णता बाहेर काढायला. एव्होलुत्सिओनेच्या छपरावरचा पंख तर हाताने कोन बदलता येईल असा.

पण हिशेब करा. साध्या इंजिनांसाठी आखलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावर दोनशेच्या वर अश्वशक्ती, चारही चाकांना जोर, आणि चालवणाऱ्याच्या मनात स्वतःविषयी बियासिओनची कल्पना. ताण जातो तो पत्र्यावर. म्हणून इंजिन सोडा, आधी बॉडी बघा. समोरच्या काचेच्या चौकटीचे कोपरे, सस्पेन्शनचे वरचे टेकू, कार्पेटखालचा तळ. तिथे गंज किंवा बारीक चिरा असतील, तर वरच्या रंगाची चमक कवडीमोल. आल्प्सच्या पायथ्याशी थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे गाडी कुठल्या गावात नांदली, हे मी मीटरच्या आधी विचारतो.

आता ते वीस हजार किलोमीटर. माळ्यावर जपून ठेवलेली पैठणी घडीवर विरते, तशी उभी गाडी सांध्यासांध्यांत खराब होते. टायमिंग बेल्ट नुसता किलोमीटरवर नाही, वर्षांवरही बदलायचा असतो. या इंजिनात बॅलन्सर शाफ्टचा (थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) वेगळा बेल्टही आहे. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये गेला तर इंजिनच गेलं. रबरी होज कडक होतात, पेट्रोलच्या टाकीला आतून गंज धरतो, ब्रेकचे कॅलिपर अडकतात, ऑइल सील सुकतात. हे सगळं दर काही वर्षांनी केल्याची बिलं असतील, तर कमी मीटर ही मेजवानी. नसतील, तर मालकाने पंचवीस वर्षं टाळलेला खर्च तुम्ही एकरकमी विकत घेताय.

मला कोणी निवड करायला लावली, तर सव्वा लाख किलोमीटर चाललेली, एकाच जाणत्या मेकॅनिकच्या हातची, जाडजूड फाइलवाली गाडी मी घेईन. संग्राहक नाक मुरडतील. लिलावात कमी आकडाच चढा भाव घेतो, हेही खरं. गुंतवणूक म्हणूनच घ्यायची असेल, तर माझं ऐकू नका.

नकलांचंही बघा. साध्या एव्होलुत्सिओनेला मार्टिनीचे, म्हणजे लान्चाच्या रॅली संघाच्या प्रायोजकाचे, पट्टे लावून ती मर्यादित आवृत्ती म्हणून विकणारे आहेत. इथे तोरीनोत लान्चाचा हेरिटेज विभाग मूळ रंग आणि आवृत्तीचा दाखला देतो. तो आधी मागवावा. याच विभागाने इंतेग्रालेचे बंपर पुन्हा बनवायला घेतले, हे मोठं काम झालं. आतल्या बारीकसारीक वस्तूंचं तसं नाही. सीटचं मूळ अल्कान्तारा कापड फाटलेलं असेल, तर ते सौद्यातच मोजा.

पुण्याच्या मित्रांसाठी: भारतात आणायचा विचार सोडा. बाहेरून येणारी वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टीअरिंग उजवीकडे लागतं. इंतेग्राले कारखान्यातून फक्त डाव्या स्टीअरिंगचीच निघाली.

आणि बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होतानाच त्याच्या खोडी कळतात. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. कोमट लागलं, तर कॉफी पिऊन घरी या.